घरी राहणाऱ्या आईच्या नावावर दरमहा काही जमा व्हावे का, आणि किती?

ओसरी (नाशिक) यांचा प्रश्न

नमस्कार. माझे वय चौतीस आहे. एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात आठ वर्षे काम केल्यावर, मुलीच्या जन्मानंतर मी नोकरी सोडली. मोठा मुलगा दुसरीत आहे, मुलगी अडीच वर्षांची आहे, आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर सासूबाईंनाही अजून आधार लागतो. घरी राहण्याचा निर्णय आम्हा दोघांचा होता आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

माझ्या पतींचा पगार आमच्या संयुक्त खात्यात जमा होतो. किराणा, दूध, भाजी, शाळेच्या व्हॅनचे पैसे, पोळ्या करायला येणाऱ्या मावशींचा पगार, हे सारे मी त्याच खात्यातून मोबाइलवरून देते. हात आखडता घ्यावा, असे त्यांनी कधी सुचवलेले नाही. मात्र खात्याला त्यांचा क्रमांक जोडलेला असल्यामुळे प्रत्येक खर्चाचा संदेश त्यांच्या फोनवर जातो, आणि संध्याकाळी चहा घेताना ते अगदी सहज विचारतात, ‘आज साडीच्या दुकानात गेली होतीस का?’ त्या विचारण्यात संशय नसतो, हे मला ठाऊक आहे. तरीही बहिणीच्या मुलाच्या मुंजीत आहेर करताना, आईला साडी घेताना किंवा एखाद्या दुपारी मैत्रिणींबरोबर बाहेर खाताना मी आधी मनातल्या मनात उत्तर तयार करते आणि मग पैसे देते. नोकरीत असताना अशी उत्तरे जुळवण्याची वेळ कधी आली नव्हती.

मध्यंतरी मी हे बोलून दाखवले. ‘मग तुला दरमहा पगारच देतो,’ असे ते लगेच म्हणाले. त्यावर सासूबाई हसून म्हणाल्या, ‘म्हणजे आता घरातल्या वरणभाताचंही बिल येणार!’ विषय तिथेच हशात संपला. मला मात्र तो संपलेला वाटत नाही. ज्यांच्या घरी आई पूर्णवेळ घरात असते, त्यांनी तिच्या स्वतःच्या पैशांची काय व्यवस्था केली आहे? रक्कम कशाच्या आधारे ठरवावी? आणि पतीने पत्नीच्या खात्यात नियमित पैसे टाकल्यास आयकराचा काही घोळ होतो का? कृपया अनुभवाने किंवा अभ्यासाने सांगावे.

तुळशीकट्टा (सांगली)

तुम्ही माझ्या धाकट्या लेकीच्या वयाच्या आहात, म्हणून एकेरीत लिहिते. राग मानू नये.

आमच्या घरी पहिल्या तारखेला पगाराचे पाकीट देवापुढे ठेवले जाई आणि तिथून ते आधी सासूबाईंकडे व पुढे माझ्याकडे येऊ लागले. यांनी कधी हिशेब मागितला नाही. पाहणाऱ्याला वाटे, सगळा कारभार बाईच्या हातात आहे, आणि तो खरोखरच होता. पण माझ्या एकटीच्या नावाचे बचत खाते मुले मोठी होईपर्यंत नव्हते. महिना पुरवून जे उरे ते मी डाळीच्या डब्यात, डाळीखाली ठेवी. पाहुणे आले, सिलिंडर महागला, मुलांची सहल निघाली, की पहिल्यांदा तोच डबा रिकामा होई. घरखर्च आणि बाईचे स्वतःचे पैसे एकाच थैलीत असले, की प्रत्येक तूट तिच्या वाट्यातून भरून निघते. कोणी तिला तसे सांगत नाही. ती आपणहूनच भरते, आणि घरातल्या कोणाला तूट आल्याचे कळतसुद्धा नाही.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्याचे जाहीर झाले, तेव्हा तो डबा सर्वांसमोर उघडावा लागला. गृहिणींनी भरलेल्या अडीच लाखांपर्यंतच्या रकमांची चौकशी होणार नाही, असे सरकारने सांगितले होते, तेव्हा कराची भीती नव्हती. पण दोन्ही मुलगे आणि हे मिळून नोटा मोजत बसले, आणि ‘आईची स्विस बँक’ हा विनोद पुढे कित्येक दिवाळ्या चालला. कोणाच्या मनात वाईट नव्हते. मला मात्र चोरी पकडली गेल्यासारखे वाटले. आणि चोरी कशाची, तर माझ्याच काटकसरीची!

म्हणून सांगते, दोन रकमा वेगळ्या कर. घरखर्चाची रक्कम संयुक्त खात्यात राहू दे आणि तिचा हिशेब चोख ठेव. लेखा विभागात काम केलेल्या मुलीला ते मी काय शिकवणार! दुसरी रक्कम तुझ्या एकटीच्या खात्यात, तुझ्या एकटीचा मोबाइल क्रमांक जोडून, पगार येतो त्याच दिवशी जमा झाली पाहिजे. महिनाअखेरीस काही उरले तर देऊ, असे ठरवले तर ती कधीच येत नाही. त्या दुसऱ्या रकमेचा हिशेब कोणी मागायचा नाही आणि तूही आपणहून द्यायचा नाही. यातला दुसरा भाग तुला जास्त जड जाईल, हे मी आत्ताच सांगून ठेवते.

जमाखर्च (पुणे)

मी करसल्लागार आहे. ओसरीताईंच्या शेवटच्या दोन प्रश्नांपुरते लिहितो.

रक्कम ठरवताना बहुतेक जण स्वयंपाकीण, दाई आणि शिकवणीच्या बाई यांचे बाजारातले दर एकत्र करून बघतात. त्यातून वाद वाढतो आणि सासूबाईंचा वरणभाताच्या बिलाचा विनोद खरा ठरतो. मला वेगळे गणित योग्य वाटते. नोकरी सोडली की पगार थांबतो, हे घरातल्या सर्वांना दिसते. भविष्य निर्वाह निधी थांबतो, याकडे कोणाचेच लक्ष नसते. तुमच्या पतींच्या मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के रक्कम दरमहा त्यांच्या निधीत जाते, कंपनीही तितकीच घालते आणि त्यातला काही भाग निवृत्तिवेतन योजनेत वळवला जातो. ते रोज निर्धास्तपणे कामावर जाऊ शकतात, कारण मुले आणि आजारी आई घरी कोणाच्या तरी हाती सुरक्षित असतात. म्हणजे त्या निधीत तुमच्या श्रमाचाही भाग आहे, पण नाव एकट्या त्यांचे आहे. तेव्हा निदान तुमचा निधी आज चालू असता तर त्यात दरमहा जितके पडले असते, तितकी रक्कम तुमच्या नावावर दीर्घ मुदतीसाठी जावी. हातखर्चाची रक्कम त्याहून निराळी ठरवावी. ती लहान असली तरी चालेल.

यासाठी सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीपीएफ, सोयीचा आहे. खाते १५ वर्षांचे असते, वर्षाला किमान ५०० आणि कमाल दीड लाख रुपये भरता येतात, आणि महिन्याच्या ५ तारखेपर्यंत पैसे भरले तरच त्या महिन्याचे व्याज त्या रकमेवर धरले जाते. त्यामुळे पगाराच्या दुसऱ्या दिवशी रक्कम आपोआप वळती होईल, अशी सूचना बँकेला देऊन ठेवावी.

आता कराविषयी. पतीने पत्नीला दिलेल्या रकमेवर तिला कर लागत नाही. परंतु तीच रक्कम तिने मुदत ठेवीत गुंतवली, तर येणारे व्याज पतीच्या उत्पन्नात मिळवले जाते. त्या व्याजाची पुन्हा गुंतवणूक केली, तर तिच्यावरचे उत्पन्न मात्र पत्नीचे धरतात. पीपीएफचे व्याज मुळातच करमुक्त असल्यामुळे तिथे हा गुंता उद्भवत नाही. तुमच्या नोकरीच्या काळातली बचत आणि माहेरहून मिळालेली रक्कम यांवरचे उत्पन्न तुमचेच राहते. म्हणून ते पैसे पतींकडून येणाऱ्या पैशांत मिसळू नका, नाही तर पुढे वेगळे दाखवताना नाकी नऊ येतात.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण ती महत्त्वाची आहे. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत मासिक निवृत्तिवेतनासाठी किमान १० वर्षांची सेवा लागते आणि तुमची आठ वर्षे झाली आहेत. ते पैसे अजून काढले नसतील तर काढू नका. त्याऐवजी योजनेचे प्रमाणपत्र मागून घ्या. मुले मोठी झाल्यावर अशी योजना लागू असलेल्या नोकरीत परतलात, तर ही आठ वर्षे पुढच्या सेवेला जोडली जातील.

राहिला प्रश्न घरात हा विषय हशावारी जाण्याचा. दिल्लीतील एका रस्ते अपघातात पती आणि गृहिणी असलेली पत्नी असे दोघेही मरण पावले होते. त्या नुकसानभरपाईच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ जानेवारी २०२१ रोजी निकाल दिला. त्यात न्यायमूर्ती रमणा यांनी २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणाचा आधार घेतला होता. त्यानुसार कुटुंबासाठीच्या विनावेतन घरकामात स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ९७ मिनिटे. गृहिणीच्या कामाचे काल्पनिक उत्पन्न धरणे म्हणजे त्या श्रमाला मान्यता देणे आहे, अशी भूमिका त्यांनी मांडली. पुढे १० जुलै २०२४ च्या एका निकालात न्यायमूर्ती नागरत्ना यांनी तर संयुक्त खाते आणि एटीएम कार्ड यांचा उल्लेख करून, विवाहित पुरुषाने स्वतःचे उत्पन्न नसलेल्या पत्नीला आर्थिक बळ दिले पाहिजे, असे म्हटले. हे चहाच्या वेळी पतींना वाचून दाखवायला हरकत नाही. गृहिणीच्या कामाची किंमत न्यायालयात बहुधा ती गेल्यावर ठरते, ही गोष्ट मला आमच्या व्यवसायात वारंवार खटकते.

दोन डबे (ठाणे)

माझी पत्नीही घरी असते. वेगळी खाती काढण्याची कल्पना मला फारशी पटत नाही, कारण संसारात माझे आणि तुझे आले, की मुलेही तेच शिकतात. त्यापेक्षा ऑगस्ट २०२४ पासून यूपीआय सर्कल ही सोय आली आहे, ती वापरून पाहावी. खातेदार दुसऱ्या व्यक्तीला आपल्या खात्यातून महिन्याला १५,००० रुपयांपर्यंत, एका वेळी ५,००० रुपयांच्या मर्यादेत, परस्पर खर्च करू देऊ शकतो. प्रत्येक वेळी परवानगी मागावी लागत नाही आणि पैसे एकाच ठिकाणी राहतात.

ओसरी (नाशिक)

सर्वांचे मनापासून आभार. ‘दोन डबे’ यांचा हेतू मी समजू शकते, आणि घरात शिकणाऱ्या मुलाला किंवा आजोबांना ही सोय उत्तम आहे. परंतु तिथे खाते त्यांचेच राहील, मर्यादा तेच घालतील आणि संदेशही त्यांनाच जाईल. माझी अडचण नेमकी तिथेच सुरू होते. माझे-तुझे याबद्दल म्हणाल, तर पतींचा भविष्य निर्वाह निधी त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे आणि त्यामुळे आमच्या संसारात फूट पडलेली नाही.

जमाखर्च यांनी सांगितलेले निधीचे गणित मी रविवारी वहीत मांडून पतींना दाखवले. ‘पगार’ म्हटल्यावर ते विनोदाकडे वळले होते. पण थांबलेल्या निधीचा आकडा पाहून बराच वेळ वही चाळत राहिले, आणि ‘ही दोन वर्षंही धरायला हवीत,’ असे स्वतःहून म्हणाले. मागील दोन वर्षांची भरपाई एकदम शक्य नाही, ती त्यांच्या वार्षिक बोनसमधून हप्त्याहप्त्याने करू, असे ठरले आहे. पीपीएफ खात्याचा अर्ज भरला आहे. माझे जुने पगाराचे खाते व्यवहार नसल्याने निष्क्रिय झाले होते, तेही नव्याने केवायसी करून सुरू करून घेते आहे. निवृत्तिवेतनाचे पैसे मी काढलेले नाहीत. प्रमाणपत्राची प्रक्रिया आता पाहते.

सासूबाईंना हे कसे सांगावे, यावर आम्ही दोघे अजून घुटमळत आहोत. शिवाय एक शंका. आमच्या सोसायटीत बारा जणींची भिशी आहे आणि आजवर मी तिचे पैसे घरखर्चातून देत आले. ते आता माझ्या हातखर्चातून द्यावेत, की भिशी सोडून तेवढी रक्कमही पीपीएफमध्ये टाकावी?

तुळशीकट्टा (सांगली)

भिशी सोडू नकोस, पण तिला बचत समजू नकोस. तिच्यात व्याज नाही, कागद नाही, आणि एखादी आपला क्रमांक लागल्यावर सोसायटी सोडून गेली, तर बाकीच्या अकरा जणी काय करणार? तिथे जायचे ते बायकांना भेटायला, आणि भेटायचा खर्च हातखर्चातूनच करावा. महिन्याचे पाचशे असतील तर राहू दे. पाच हजार असतील तर नंबर लागेपर्यंत थांब आणि मग लहान भिशीत जा.

सासूबाईंना सांगताना मुलाला पुढे करू नकोस, तूच सांग. आणि त्यांच्या स्वतःच्या नावावर काय आहे, तेही त्याच वेळी विचार. खाते एकत्र असेल तर ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ अशी नोंद आहे का, वारस म्हणून कोणाचे नाव लावले आहे, पासबुक शेवटचे कधी भरून आणले. आमच्या पिढीतल्या पुष्कळ बायकांना हे कोणी विचारलेलेच नसते. बँकेत जाशील तेव्हा त्यांना रिक्षाने बरोबर घेऊन जा. गुडघा परवानगी देत असेल तर दोघींचे काम एका फेरीत होईल.