धबधब्याचे पाणी मऊ, पण खडक स्पष्ट: गिंपमध्ये कसे साधावे?

घाटवाट:
आंबोलीच्या धबधब्याचे मी मोबाइलवर एकाच जागेवरून सलग बरेच फोटो काढले आहेत. शटरचा वेग जास्त राहिल्यामुळे त्यांत पाण्याचा थेंबन् थेंब हवेत गोठल्यासारखा दिसतो. ट्रायपॉड नसल्याने शटर अर्धा-एक सेकंद उघडे ठेवणे शक्य नव्हते. गिंप या फोटो-संपादनाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये संपूर्ण फोटोला मोशन ब्लर (एका दिशेने पुसट करणारा परिणाम) लावला, तर पाण्याबरोबर खडक आणि त्यांवरचे शेवाळही पुसट होते. खडक जसेच्या तसे ठेवून केवळ प्रवाह मऊ करता येईल का?

सह्याद्रीप्रेमी:
आपल्याकडे सलग फोटो आहेत, तेव्हा ब्लरच्या वाटेला जाऊच नये. सर्व फोटोंची सरासरी काढली की स्थिर खडक तसेच राहतात आणि हलणारे पाणी आपोआप एकमेकांत मिसळते; शटर जास्त वेळ उघडे ठेवल्यावरही जवळपास हेच घडत असते.

सर्व फोटो एकाच फाइलमध्ये लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेले थर, म्हणून उघडावेत. हातात धरून काढलेले फोटो थोडे सरकलेले असतातच, म्हणून वरच्या लेयरचा मोड ‘डिफरन्स’ (दोन लेयरमधला फरक दाखवणारा) करून तो हळूहळू सरकवावा. खडकाचा भाग जवळजवळ काळा झाला की दोन्ही फोटो तंतोतंत जुळले असे समजावे आणि मोड पुन्हा ‘नॉर्मल’ करावा. त्यानंतर सर्वांत खालच्या लेयरची ओपॅसिटी (अपारदर्शकता) १०० टक्के ठेवून वरच्या लेयरना क्रमाने ५०, ३३, २५, २० अशी द्यावी, म्हणजे १०० ला त्या लेयरच्या खालून मोजलेल्या क्रमांकाने भागावे. सगळ्यांना सरसकट ५० दिल्यास सरासरीत सर्वांत वरच्या फोटोचा एकट्याचाच वाटा निम्मा होतो आणि खालचे जवळपास नाहीसे होतात. लेयर बरेच असतील, तर आरंभीच ‘प्रिसिजन’ (रंगांच्या आकड्यांची अचूकता) ३२ बिट फ्लोटिंग पॉइंट करावे. ही सोय गिंप २.१० पासून आहे.

आणखी एक लाभ म्हणजे १६ फोटोंच्या सरासरीत नॉइज (फोटोतला दाणेदारपणा) सुमारे एक चतुर्थांश उरतो, त्यामुळे कपारींतला काळोखा भागही स्वच्छ दिसतो.

छायाप्रकाश:
फोटोशॉप उपलब्ध असल्यास फोटो आपोआप जुळवून घेऊन, त्यांचा एक स्मार्ट ऑब्जेक्ट (सगळे लेयर एकत्र ठेवणारा लेयर) करून ‘स्टॅक मोड’मध्ये ‘मीन’ (सरासरी) निवडावे. पावसाळ्यात आंबोलीला गर्दी असतेच. ती फोटोतून काढण्यासाठी ‘स्टॅक मोड’मधलाच ‘मीडियन’ (मधले मूल्य) वापरावा. एखादी जागा निम्म्याहून अधिक फोटोंत मोकळी असेल, तर तेथून गेलेली माणसे अंतिम चित्रात उरत नाहीत. मात्र मीडियनमध्ये पाणी तितके मऊ होत नाही, म्हणून मी पायथ्याचा भाग मीडियनमधून आणि धार मीनमधून घेऊन दोन्ही मास्कने (लेयरचा काळा भाग लपवणारा आणि पांढरा भाग दाखवणारा मुखवटा) जोडतो.

घाटवाट:
मनःपूर्वक आभार. एका कोनातून मात्र माझ्याकडे एकच फोटो आहे. त्याचे काय करावे?

सह्याद्रीप्रेमी:
तेथे मोशन ब्लरच घ्यावा लागेल, पण लेयरची प्रत काढून तिच्यावर. ब्लरचा कोन धारेच्या दिशेशी जुळवावा, त्या लेयरला काळा मास्क जोडावा आणि जिथे पाणी आहे तिथेच पांढऱ्या मऊ ब्रशने रंगवावे. धार खडकावर आपटून वळत असेल, तर प्रत्येक उतारासाठी वेगळी प्रत आणि वेगळा कोन घ्यावा, अन्यथा पाणी आडव्या कातळावरही सरळ खाली पडताना दिसते. पायथ्याशी उडणाऱ्या तुषारांवर मास्क करडाच ठेवावा. मूळ थेंब थोडे दिसत राहिले नाहीत, तर पाण्याचा जोर जाणवत नाही.