शब्दचर्चा : पायगुण, हातगुण आणि अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष

मंडळी, दोन शब्द बरेच दिवस डोक्यात घोळतायत, त्यांच्याबद्दल तुमच्याशी बोलायचंय. पायगुण आणि हातगुण. दोन्ही आपल्या घरातले शब्द, पण मला ते नीट कळले ते ह्यूस्टनच्या एका पेट्रोल पंपावर.

जून २०२२. आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. भाजी घेऊन येताना पेट्रोल भरायला थांबलो, गॅलनला साडेचार डॉलरच्या वर भाव होता आणि देशाची सरासरी तर त्या महिन्यात पाचच्या पुढे गेली होती. पंपावर जिथे डॉलरचे आकडे पळतात ना, त्याच्या अगदी शेजारी एक स्टिकर होता, बायडेन आकड्याकडे बोट दाखवतायत आणि वर लिहिलंय 'हे मी केलं'. तेव्हा हे स्टिकर देशभर पंपापंपावर लावलेले असायचे. इथल्याला कोणीतरी नखाने खरवडलेलं, चेहरा गेला होता, बोट तेवढं शिल्लक होतं. आईने विचारलं हे काय रे चिकटवलंय. मी सांगितलं की हा इथला राष्ट्राध्यक्ष, लोकांचं म्हणणं की ह्याच्यामुळे पेट्रोल महागलं. ती म्हणाली, "म्हणजे पायगुण काढतायत त्याचा."

आणि मग गाडीत ती गप्पच बसली. घरी आल्यावर चहा घेताना बोलली. तिचं लग्न मे १९७२ चं, सासर माण तालुक्यातलं. त्या वर्षी पाऊस आलाच नाही, विहिरीने तळ गाठला, बैल विकावे लागले, आणि घरातल्या बायका म्हणायला लागल्या की नवी सून पांढऱ्या पायाची आहे. सतरा वर्षांची पोर. सगळ्या महाराष्ट्राच्या विहिरी आटल्या होत्या, ती सकाळी उठून दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, दुपारी सुकडी खायची आणि संध्याकाळी घरी येऊन पाण्यासाठी बोलणी खायची. हे मला पन्नास वर्षांत पहिल्यांदा कळलं, तेही बायडेनच्या स्टिकरमुळे.

तर शब्दाकडे येतो. पायगुण म्हणजे माणूस आला आणि त्याच्या येण्याबरोबर जे जे घडलं ते त्याच्या नावावर टाकणं, त्याने काही केलं का नाही हा प्रश्नच नाही, तो आला हेच पुरे. हातगुण वेगळा. अमुक डॉक्टरांचा हातगुण चांगला आहे असं आपण म्हणतो तेव्हा त्यांनी हाताने काहीतरी केलेलं असतं, पुडी दिली, हाड बसवलं, आणि पेशंटला गुण आला. आणि गुण यायला वेळ लागतो, आज औषध आणि चार दिवसांनी उतार, हे त्या शब्दातच आहे.

माझं म्हणणं असं की राष्ट्राध्यक्षाला अर्थव्यवस्थेचं आणि पेट्रोलचं श्रेय किंवा दोष देताना लोक बोलतात हातगुणाची भाषा आणि मोजतात पायगुण. बायडेनचंच घ्या. २०२० मध्ये कोविडमुळे तेलाची मागणी इतकी आपटली की २० एप्रिलला अमेरिकन कच्च्या तेलाचा वायद्याचा भाव शून्याच्या खाली गेला, उणे ३७ डॉलर. विहिरी बंद पडल्या, माझ्या ओळखीतल्या कितीतरी लोकांच्या नोकऱ्या गेल्या, हे शहर तेलावरच जगतं. मग सगळं जग एकदम उघडलं, मागणी परतली, तेल तेवढ्या वेगाने परतलं नाही, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. ह्यातलं बायडेनच्या हातचं काय? त्यांनी हाताने जे केलं त्यात एक म्हणजे सरकारी राखीव साठ्यातलं १८ कोटी बॅरल तेल बाजारात सोडायचं ठरवलं. ते बरोबर का चूक ह्यावर भांडा की, ते भांडण खरं आहे.

पायगुण वाईट आणि हातगुण चांगला असा राष्ट्राध्यक्ष बघायचा असेल तर जिमी कार्टर. त्यांच्या काळात १९७९ ला इराणची क्रांती झाली, तेलाचा भाव वर्षभरात दुपटीच्या आसपास गेला, पंपांवर रांगा, कॅलिफोर्नियात गाडीच्या नंबरप्रमाणे सम-विषम दिवस. त्याच वर्षी त्यांनी पॉल व्होल्कर नावाच्या माणसाला मध्यवर्ती बँकेवर, म्हणजे फेडवर आणलं. व्होल्करनी महागाई मोडायला व्याजदर असे चढवले की ते २० टक्क्यांपर्यंत पोचले, घरं बांधणारे धंद्यातून उठले, त्यांनी निषेध म्हणून बांधकामाच्या लाकडाचे तुकडे पोस्टाने फेडला पाठवले. कार्टर १९८० ची निवडणूक हरले. महागाई मार्च १९८० मध्ये १४ टक्क्यांच्या वर होती ती १९८३ पर्यंत ३ टक्क्यांच्या आसपास आली, पण तेव्हा व्हाइट हाउसमध्ये रेगन होते. तेलाच्या किमतीवरचं सरकारी नियंत्रण टप्प्याटप्प्याने उठवायला सुरुवातही कार्टरनीच केली होती, रेगननी जानेवारी १९८१ मध्ये आल्या आल्या उरलेलं एका सहीत उठवलं, आणि लोकांच्या लक्षात ती सही राहिली. पुढे १९८६ मध्ये सौदीने उत्पादन वाढवल्यावर तेल धाडकन कोसळलं, तोही रेगनचाच पायगुण धरला गेला.

रेगनचा हातगुण नव्हताच असं मी म्हणत नाही. १९८२ च्या शेवटी बेकारी पावणेअकरा टक्क्यांच्या वर गेली तरी त्यांनी व्होल्करना हटवलं नाही, उलट १९८३ मध्ये पुन्हा नेमलं, हे त्यांच्या पदरात टाकायलाच पाहिजे.

तुमच्याकडे हे दोन शब्द कसे वापरतात ते सांगा, आणि असे जोडशब्द अजून असतील तर तेही.

प्रतिसाद
छान विषय. मी शाळेत संस्कृत शिकवायचे म्हणून 'श्रेय' ह्या शब्दाबद्दल सांगते. मूळ श्रेयस् म्हणजे 'अधिक चांगलं'. श्रेष्ठ त्याच घरातला. कठोपनिषदात यम नचिकेताला सांगतो की श्रेय वेगळं आणि प्रेय वेगळं, प्रेय म्हणजे आत्ता गोड लागणारं, श्रेय म्हणजे शेवटी भलं करणारं, आणि शहाणा माणूस श्रेय निवडतो. मराठीत येता येता ह्या शब्दाचा अर्थ 'चांगलं' वरून 'चांगल्याबद्दलचा मान' असा सरकला, म्हणून आता आपण श्रेय देतो, श्रेय घेतो, श्रेय लाटतो, श्रेयवाद घालतो. तुमचं कार्टरचं उदाहरण वाचून मला वाटलं की त्या माणसाने जुन्या अर्थाचं श्रेय निवडलं आणि नव्या अर्थाचं श्रेय त्याला मिळालं नाही. हे वाचून मन जरा जड झालं.

प्रतिसाद
दादा, आईंचा प्रसंग वाचून गलबलून आलं. पण एक सांगतो, पायगुण पायगुण करून सगळ्याच राष्ट्राध्यक्षांना सोडून देऊ नका. निक्सननी १५ ऑगस्ट १९७१ ला सगळ्या देशाच्या किमती आणि पगार सरकारी हुकुमाने गोठवले, तो चक्क हातच होता. बाकीची नियंत्रणं नंतर सुटली पण तेलावरची राहिली, आणि १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं तेव्हा त्यामुळेच रांगा जास्त वाढल्या, कारण भाव वर जाऊ दिला नाही की माल गायब होतो, हे रॉकेलच्या रांगेत उभं राहिलेल्या कुठल्याही माणसाला माहितीय. बंदी अरबांची, रांगेत भर निक्सनच्या सहीची. दोन्ही सांगायला पाहिजे.

मूळ लेखक
एकदम मान्य. आणि तुम्ही हे काढलंत म्हणून हूवर आठवले, त्यांचं प्रकरण तर शब्दचर्चेसाठी सोनंच आहे. हूवर मार्च १९२९ मध्ये आले आणि ऑक्टोबरमध्ये शेअर बाजार कोसळला, सात महिन्यांत. हा पायगुण. पण जून १९३० मध्ये हजारावर अर्थतज्ज्ञांनी सही करू नका म्हणून विनवलं तरी त्यांनी आयात शुल्क वाढवणाऱ्या कायद्यावर सही केली आणि जगाचा व्यापार अजून आक्रसला, हा हात. लोकांनी मात्र हिशेब वेगळा न करता सगळं एकाच नावावर लिहिलं, बेघरांच्या पत्र्या-खोक्यांच्या वस्त्यांना हूवरव्हिल म्हणायला लागले, थंडीत अंगावर घ्यायच्या वर्तमानपत्राला हूवर पांघरूण, आणि रिकामा खिसा उलटा करून बाहेर काढला की तो हूवरचा झेंडा. विचार करा, तुमचं नाव दुसऱ्याच्या रिकाम्या खिशाला. चांगल्याला नाव द्यायचीही तिथे पद्धत आहे, रेगनॉमिक्स हा शब्द रूढ झाला, बायडेननी २०२३ मध्ये बायडेनॉमिक्स हा शब्द स्वतःच्या भाषणात घेऊन प्रचार केला, पण तोवर भाव लोकांच्या अंगवळणी पडायचे होते आणि तो शब्द त्यांच्या कामी आला नाही.

प्रतिसाद
दोषाच्या बाजूला मराठीत किती शब्द आहेत बघा, आणि प्रत्येकाची जागा ठरलेली. आळ म्हणजे न केलेल्याचा, स्यमंतक मण्याचा कृष्णावर आला तो आळ. ठपका म्हणजे चौकशी करून ठेवलेला, चौकशी समितीच ठपका ठेवते, शेजारीण ठेवत नाही. बोल लावणं घरगुती, आपण नशिबालाही बोल लावतो. आणि खापर नेहमी दुसऱ्याच्या डोक्यावर फुटतं. खापर म्हणजे फुटक्या मडक्याचा तुकडा, मडकं आधी बऱ्याच जणांच्या हातून तडकलेलं असतं आणि फोडलं जातं एकाच्या डोक्यावर. पेट्रोलच्या भावाला खापर हाच शब्द बसतो असं मला वाटतं. निक्सनच्या किंमत-नियंत्रणाला मात्र ठपका.

प्रतिसाद
ठपका आणि खापर मधला हा फरक मस्त सांगितलात. +१

प्रतिसाद
एक शंका, तुम्ही राष्ट्राध्यक्ष लिहिताय, काही लोक अमेरिकेच्या प्रेसिडेंटलाही राष्ट्रपती लिहितात. काय बरोबर?

मूळ लेखक
मराठी पेपरात साधारण अमेरिकेला राष्ट्राध्यक्ष किंवा नुसतं अध्यक्ष, आणि आपल्याकडे राष्ट्रपती. मला हा फरक ठेवावासा वाटतो कारण आपले राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात आणि अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष स्वतः सरकार चालवतो. पण 'पती' असो की 'अध्यक्ष', दोन्ही शब्दांमुळे असं वाटतं की सगळं ह्याच्याच मुठीत आहे, आणि तिथे तसं नाहीये. कर आणि खर्च काँग्रेस, म्हणजे तिथली संसद ठरवते, व्याजदर फेड ठरवते, तेलाचा भाव जगाचा बाजार ठरवतो. टेक्सासमध्ये तर जमिनीखालचं तेलही बहुतेक खाजगी मालकीचं असतं, केंद्र सरकारची जमीन इथे नगण्य. शेल दगडातून गॅस काढायची रीत जॉर्ज मिचेल ह्यांच्या कंपनीने इथल्याच बार्नेट शेलमध्ये वर्षानुवर्षं पैसा ओतून १९९० च्या दशकाच्या शेवटी जमवली, आणि मुळात सत्तरच्या दशकात सरकारने शेलच्या संशोधनाला पैसे दिले होते ते कोणाला आठवतही नाहीत. २००८ मध्ये देशात रोज ५० लाख बॅरल तेल निघायचं ते २०२३ मध्ये सव्वा कोटीच्या वर गेलं. मध्ये ओबामा, ट्रम्प, बायडेन तिघं होऊन गेले आणि प्रत्येकाच्या बाजूचे लोक हे आमच्यामुळे म्हणतात. झाड लावलं एकाने, पाणी घातलं दुसऱ्याने, आणि आंबे पडले त्या वर्षी अंगणात तिसराच उभा.

प्रतिसाद
काकतालीय न्याय अजून कसा कोणी काढला नाही? कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, आणि लोक कावळ्याला धरतात. २००८ च्या उन्हाळ्यात बुश असताना गॅलन चार डॉलरच्या वर होतं, जानेवारी २००९ मध्ये ओबामांनी शपथ घेतली तेव्हा दोन डॉलरच्या खाली, कारण मंदीने माणसं घरी बसली होती. मग पुढची कितीतरी वर्षं लोक तो दोनच्या खालचा आकडा दाखवून म्हणायचे बघा ओबामा आले आणि पेट्रोल महागलं. तो स्वस्ताईचा आकडा म्हणजे तापाने अंग गार पडावं तसा होता. प्रिन्स्टनच्या ॲलन ब्लाइंडर आणि मार्क वॉटसन ह्या दोन अर्थतज्ज्ञांनी ट्रुमनपासून ओबामांपर्यंतचा हिशेब मांडलाय, डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्षांच्या काळात वाढीचा वेग वर्षाला जवळजवळ १.८ टक्क्यांनी जास्त निघाला, पण कारणं शोधायला गेल्यावर तेलाचे धक्के, उत्पादकता, बाहेरच्या जगाची परिस्थिती हीच जास्त सापडली, सरकारी धोरणाच्या खात्यात फारसं काही टाकता आलं नाही. म्हणजे मोठा भाग कावळा आणि फांदीच.

प्रतिसाद
आमच्याकडे विदर्भात पायगुण चांगल्या अर्थानेही म्हणतात, पोरगी झाली आणि बापाला नोकरी लागली तर पोरीचा पायगुण. आईंना एक विचाराल का, पांढऱ्या पायाचीच्या उलट त्यांच्याकडे काय म्हणायचे?

मूळ लेखक
आत्ताच फोनवर विचारलं. म्हणाली लक्ष्मीच्या पावलांनी आली असं म्हणायचे. मग मी विचारलं की १९७३ ला पाऊस चांगला झाला, विहीर भरली, तेव्हा तुला कोणी म्हणालं का तसं. जरा वेळ काहीच बोलली नाही, मग म्हणाली, "नाही रे. तेव्हा म्हणाले देव पावला."