केमिकल इंजिनीअरिंग आणि पगारी इंटर्नशिप : तुमचे अनुभव सांगा

भाचा केमिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सध्या घरात एकच वाद चालू आहे: सुट्टीत चार पैसे देणारी छोटी कंपनी धरायची, की फुकट का होईना, मोठ्या रिफायनरीचं पत्र मिळवायचं? मी स्वतः बँकेत, त्यामुळे माझ्या मताला घरात किंमत शून्य. म्हणून हा धागा. मुंबई आणि आसपास केमिकल शिकलेल्या, शिकणाऱ्या, शिकवणाऱ्या सगळ्यांनी लिहा. इंटर्नशिप, अप्रेंटिसशिप, परदेशातलं को-ऑप (कॉलेज आणि नोकरी आलटून पालटून), काहीही चालेल. कंपनीचं नाव नको, भाग सांगितलात तरी पुरे. पैसे किती मिळाले, शिकवलं कोणी, हाती काय लागलं, एवढं जरूर लिहा.

रबाळे, फार्मा इंटरमीडिएट्स (औषधं बनवायला लागणारी मधली रसायनं)

मुंबई विद्यापीठाचा विद्यार्थी. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका मध्यम कंपनीत महिना ८,००० वर लागलो होतो. जेवण कॅन्टीनमध्ये, ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने जाऊन-येऊन. पहिल्याच दिवशी प्रॉडक्शनचे साहेब म्हणाले, "तुला पैसे देतोय म्हणजे मला वर हिशोब द्यायचाय. नुसता प्लांट बघत फिरू नकोस." आणि एक प्रश्न हातात दिला: पावसाळ्यात एमडीसी (मेथिलीन डायक्लोराइड, एक सॉल्व्हंट म्हणजे विरघळवणारा द्रव) उकळून परत मिळवायला, म्हणजे रिकव्हरीला, वेळ जास्त का लागतो आणि सॉल्व्हंट कमी का परत मिळतं?

एमडीसी उकळतं ४० अंशांना. त्याची वाफ थंड करून पुन्हा द्रव करणाऱ्या कंडेन्सरला पाणी कूलिंग टॉवरचं. टॉवरचं पाणी हवेच्या वेट बल्बच्या (थर्मामीटरला ओलं फडकं गुंडाळून मिळणाऱ्या तापमानाच्या) खाली जाऊच शकत नाही, उलट चारेक अंश वरच राहतं. मुंबईत जुलैत वेट बल्ब २६-२७ च्या आसपास, म्हणजे पाणी तीस-एकतीस अंशांचं. जानेवारीत तेच पाणी चोवीस-पंचवीसपर्यंत उतरतं. वाफ आणि पाणी यांच्यात हिवाळ्यात पंधरा अंशांचं अंतर होतं, पावसाळ्यात ते नऊ-दहावर आलं. कंडेन्सर तोच, एरिया तोच, म्हणजे काढता येणारी उष्णता जवळजवळ एकतृतीयांशाने घटली. ऑपरेटर मात्र स्टीमचा व्हॉल्व्ह बाराही महिने सारखाच उघडायचे. जी वाफ कंडेन्स होत नव्हती ती व्हेंटमधून, म्हणजे हवेत उघडणाऱ्या पाइपातून, बाहेर. हे सगळं सेकंड इयरच्या हीट ट्रान्सफरमध्ये आहे हो, पण तिथे त्याला पावसाळा नसतो!

खरी मदत झाली ती नाईट शिफ्टच्या ऑपरेटरकाकांची. बारावी नापास, पण व्हेंटच्या पाइपवर हात ठेवून "आज जातंय" असं सांगायचे. त्यांचा हात आणि माझं एक्सेल बहुतेक वेळा जुळायचं. शेवटी स्टीम कमी ठेवून बॅच थोडी लांबवायची आणि व्हेंटवर चिल्ड वॉटरचा छोटा कंडेन्सर बसवायचा, असा रिपोर्ट दिला. पहिली गोष्ट लगेच झाली. दुसरी मी निघाल्यावर शटडाऊनमध्ये (देखभालीसाठी प्लांट बंद असताना) झाली म्हणतात. ब्लॅक बुकसाठी (कॉलेजच्या प्रोजेक्ट रिपोर्टसाठी) हाच विषय घेतला आणि व्हायवाला एक्स्टर्नल बराच वेळ यावरच बोलत बसले.

एका सरकारी रिफायनरीत, बिनपगारी

वरचं वाचून हेवा वाटला. आम्हाला पास, हेल्मेट आणि एक पीडीएफ मिळाली. कशालाही हात लावायचा नाही, आणि ते बरोबरच आहे म्हणा, तिथे इंटर्नच्या हाती व्हॉल्व्ह कोण देईल? पण क्रूडचा (कच्चं तेल वेगळं करणारा) कॉलम खालून वर बघताना मान दुखते, तेव्हा कुठे पुस्तकातली ती चौकोनी आकृती किती खोटी आहे ते कळतं. पैसे शून्य. तरी पुन्हा संधी मिळाली तर जाईन.

माटुंगा, १९८० च्या दशकातली बॅच

आमची संस्था आमच्या वेळी यूडीसीटी (युनिव्हर्सिटी डिपार्टमेंट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) होती. १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा एक विभाग म्हणून सुरू झालेली. २००८ मध्ये अभिमत विद्यापीठ होऊन आता आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी), पण आमच्या तोंडून यूडीसीटीच निघणार. सुट्टीत अंबरनाथला डाय, म्हणजे रंग, बनवणाऱ्या कारखान्यात जायचो. स्टायपेंड म्हणजे रेल्वेचा पास आणि दुपारचं जेवण. डायझोटायझेशन (रंग बनवतानाची एक रिॲक्शन) शून्य ते पाच अंशांत ठेवावं लागतं, आणि तिथे चिलिंग प्लांट नव्हता. बर्फाच्या लाद्या फोडून थेट टबात! एका बॅचला किती बर्फ लागेल ते काढून दे, असं मालकाने सांगितलं. बर्फ वितळताना किलोमागे ८० किलोकॅलरी उष्णता घेतो असं धरून, रिॲक्शनची उष्णता आणि बाहेरून शिरणारी उष्णता मिळवून आकडा काढला. मालकाने तो बघितला, नेहमीचा बर्फवाला जेवढा टाकायचा त्याच्याशी ताडला आणि म्हणाला, "म्हणजे हा बरोबर टाकतो." मला फार मोठं सर्टिफिकेट मिळाल्यासारखं वाटलं, खरं तर ते बर्फवाल्याला होतं.

ठाणे, १९९० च्या दशकातली बॅच

मुलींचं कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. वर्गात आम्ही मोजक्या. मार्क चांगले, पण ट्रेनी म्हणून प्लांटवर घ्यायची वेळ आली की एचआरवाले कारखाना कायदा काढायचे. १९४८ च्या कायद्यातलं ६६ वं कलम: बायकांना काम सकाळी सहा ते संध्याकाळी सात याच वेळेत. शिफ्ट फिरती असल्यामुळे आमचा पत्ता तिथेच कट. मग लॅबमध्ये किंवा डिझाइन ऑफिसात बसवायचे, स्टायपेंड मुलांपेक्षा कमी, कारण "शिफ्ट अलाउन्स नाही ना". डिझाइन ऑफिसात पी अँड आयडी (प्लांटचे पाइप आणि उपकरणं दाखवणारी ड्रॉइंग) वाचायला मी इतकी पक्की झाले की पुढे त्याच्यावरच जगले, त्यामुळे रडगाणं गात नाही. पण प्लांटवर बायकांसाठी स्वच्छतागृह नाही, हे कारण कोणी तोंडावर सांगायचं नाही, ते आम्हाला नंतर कळायचं. आता माझी पुतणी महाडला नाईट शिफ्ट करते, कंपनीची गाडी दारापर्यंत सोडते.

दादरचा, सध्या कॅनडात

वॉटर्लूला केमिकल केलं. तिथे को-ऑप हा कोर्सचाच भाग. १९५७ मध्ये विद्यापीठ सुरू झालं तेच मुळी या पद्धतीने. चार महिने कॉलेज, चार महिने नोकरी, असं आलटून पालटून, त्यामुळे डिग्रीला पाच वर्षं लागतात. नोकरी आपोआप मिळत नाही. अर्ज, मुलाखती, मग कंपनी आपल्याला क्रमांक देते आणि आपण कंपनीला. पहिल्या टर्मला मला सांडपाण्याच्या प्लांटवर काम मिळालं, आई नातेवाइकांना "पाण्याच्या कंपनीत आहे" एवढंच सांगायची. पगार चांगला, पण परदेशी विद्यार्थ्याची फी त्यातून सुटत नाही, जेवणखाण आणि भाडं मात्र निघतं. एक त्रास कोणी सांगत नाही: मिड-टर्म तोंडावर आलेली असते आणि पुढच्या नोकरीच्या मुलाखतीही त्याच दिवसांत. दर चार महिन्यांनी घर बदलायचं ते वेगळंच.

मुलुंड ते जालना

आपल्याकडेही असं काही आहे. आयसीटीच्या जालन्याच्या कॅम्पसला पाच वर्षांचा इंटिग्रेटेड एमटेक आहे, त्यात इंडस्ट्रीतलं काम अभ्यासक्रमातच धरलंय. मुंबईच्या पोरांना जालना म्हटलं की नाक मुरडायची सवय. मीही त्यातलीच होते, ऊन सोडलं तर आता तक्रार नाही.

डोंबिवली, पालक

मी इंजिनीअर नाही. एमआयडीसीपासून आमचं घर फार लांब नाही. मे २०१६ चा स्फोट झाला तेव्हा खिडक्या हादरल्या, मे २०२४ चाही ऐकला. त्यामुळे मुलीने "आई, प्लांटवर इंटर्नशिप लागली, पैसे पण देणार आहेत" म्हटल्यावर मला आनंद व्हायच्या आधी पोटात गोळा आला. तिचे बाबा म्हणाले, जाऊ दे. मी तिला तीन गोष्टी विचारून यायला लावल्या: सेफ्टीचं ट्रेनिंग पहिल्या दिवशी देतात का, बूट आणि गॉगल कंपनीचे का, आणि काही झालं तर भरपाईचं काय. तिसऱ्यावर एचआरची बाई गप्प झाली म्हणे. इथे कोणाला माहीत असेल तर सांगा.

सायन (वरच्या ताईंना उत्तर)

ताई, अप्रेंटिस आणि इंटर्न यांत इथेच फरक पडतो. अप्रेंटिस कायदा १९६१ चा. त्यात कामावर दुखापत झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची, कलम १६. नुसत्या इंटर्नला असा सरळ आधार नाही, म्हणून ऑफर लेटरमध्ये अपघात विमा लिहून घ्यायला सांगा. मी डिग्रीनंतर वर्षभर अप्रेंटिस होतो. २०१९ च्या नियमांत पदवीधराला किमान ९,००० होते. पदवीधरांच्या या किमान रकमेतला निम्मा वाटा केंद्र सरकार उचलतं, त्यामुळे छोट्या कंपन्याही तयार होतात. अप्रेंटिसशिप बघणारं पश्चिम विभागाचं बोर्ड इथे सायनलाच आहे. मात्र नऊ हजारांत बोईसरला खोली, डबा आणि पास भागवून बघा! घरून पैसे मागवावे लागले. करार सही होऊन अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर चढलाय का, ते स्वतः बघा, कंपनीच्या भरवशावर राहू नका.

अंधेरी

पैसे घेऊन "ऑनलाइन केमिकल इंटर्नशिप" विकणाऱ्यांपासून सांभाळा. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांकडे एकसारखं सर्टिफिकेट आहे, सहीसुद्धा तीच.

तळोजा, पोरं घेणाऱ्या बाजूने

मी प्रॉडक्शन बघतो. आमच्याकडे इंटर्नला १०,००० देतात. भाच्याच्या मामांना सांगतो, आकड्यावर जाऊ नका. पैसे दिले की ते माझ्या बजेटमध्ये दिसतात, मग मला त्या पोराला नीट काम द्यावंच लागतं आणि शेवटी त्याने काय केलं ते वर दाखवावं लागतं. फुकटचा इंटर्न आला की तो कोणाचाच नसतो, चहा पितो आणि जुने रिपोर्ट झेरॉक्स करतो. मोठ्या रिफायनरीत एक आठवड्याची व्हिजिट मिळत असेल तर ती वेगळी करा, सुट्टी मात्र छोट्या ठिकाणी घालवा.

मुलाखतीत मी एकच विचारतो: कॉलेजच्या लॅबमधला डिस्टिलेशनचा सेट कागदावर काढ, सगळे व्हॉल्व्ह आणि थर्मामीटर दाखव. कित्येकांना ड्रेनचा व्हॉल्व्ह आठवत नाही. ज्याला आठवतो त्याने कधीतरी तो सेट स्वतः धुतलेला असतो. अर्ज जानेवारी-फेब्रुवारीत पाठवा, कॉलेजचं पत्र जोडून. एप्रिलमध्ये आमचा शटडाऊन असतो, तेव्हा आलेले मेल कोणी उघडत नाही.