प्रॉडक्ट मॅनेजरचा वेळ एआय सहाय्यकामुळे खरोखर वाचतो का?

पर्वरीकर (धागाकर्ता)

गोव्यात पर्वरीच्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत मी नऊ वर्षे प्रॉडक्ट मॅनेजर, म्हणजे उत्पादनात काय बनवायचे आणि काय नाही हे ठरवणारा, आहे. गेस्टहाऊस आणि छोट्या हॉटेलांच्या खोल्यांचे आरक्षण सांभाळणारी प्रणाली आम्ही बनवतो. गेल्या वर्षी कंपनीने सगळ्यांना एआय सहाय्यक दिला आणि यंदाच्या मूल्यमापनाच्या अर्जात 'एआय वापरून उत्पादकता किती वाढवली' असा एक रकाना आला. त्या रकान्यात काय लिहावे हे मला उमजत नाही.

सहाय्यक वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. बैठकीचे टिपण, नव्या सुविधेचा कच्चा आराखडा, विक्री विभागाला पाठवायची ईमेल ही कामे तो मिनिटांत करतो. पण आमच्या बॅकलॉगची, म्हणजे पुढे करायच्या कामांच्या यादीची, अवस्था पाहा. पूर्वी एक टिकट (यादीतल्या एका कामाची नोंद) नीट लिहायला अर्धा तास लागत असे, त्यामुळे जी कल्पना अर्ध्या तासाच्या लायकीची नसे ती आपोआप गळून पडे. लिहिण्याचा कंटाळा हीच आमची चाळण होती. आता तीच कल्पना स्वीकृतीच्या निकषांसह (काम पूर्ण झाले कधी मानायचे त्या अटींसह) नीटनेटकी सजून येते, आणि दिसायला चांगली असल्यामुळे तिला नाही म्हणायला दुप्पट वेळ लागतो. माझ्या मते प्रॉडक्ट मॅनेजरचे काम मुळात नाही म्हणण्याचे आहे. तो वेळ वाढला असेल, तर लिहिण्याचा वेळ वाचला या हिशेबाला काय अर्थ उरतो?

शिवाय आमच्या कामाची खरी अडचण लिखाणात कधीच नव्हती. गेस्टहाऊसचे मालक पावसाळ्यात निवांत असतात, चहा पाजून दोन-दोन तास बोलतात. ऑक्टोबरात हंगाम सुरू झाला की फोनसुद्धा उचलत नाहीत. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत जे ऐकून घ्याल तेवढ्यावरच वर्ष काढावे लागते, आणि ही मुदत कोणताही सहाय्यक वाढवून देत नाही.

अंत्रुजकन्या

आपला अनुभव माझ्याहून मोठा आहे, तरीही मला हे पटत नाही. चौथीपर्यंत मी फोंड्याजवळच्या मराठी शाळेत शिकले, पुढचे सगळे शिक्षण इंग्रजीतून झाले, आणि तरीसुद्धा नोकरीच्या पहिल्या वर्षी इंग्रजीतला दोन पानांचा आराखडा लिहायला मला अख्खा दिवस लागत असे. विचार पक्का असे, पण वाक्य अडखळे, आणि बैठकीत माझ्या मुद्द्याऐवजी माझ्या व्याकरणावर चर्चा होई. आता मी मुद्दे मराठीत लिहिते, सहाय्यकाकडून इंग्रजी मसुदा करून घेते आणि तो ओळ न् ओळ तपासते. ज्याला आपण कंटाळ्याची चाळण म्हणता, तिच्यातून कल्पना कमी आणि माणसेच जास्त गळत होती.

एरिक ब्रिन्योल्फसन, डॅनिएल ली आणि लिंडसे रेमंड यांचा 2023 मधला अभ्यास पाहा. ग्राहकसेवेतल्या पाच हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांची उत्पादकता सहाय्यकामुळे सरासरी 14 टक्के वाढली, पण नवख्यांची सुमारे 34 टक्के. मुरलेल्यांना फारसा फरक पडला नाही. नऊ वर्षे मुरलेल्या माणसाला फायदा दिसू नये यात आश्चर्य ते काय!

वेर्ण्याचा अभियंता

ग्राहकसेवेत तासाला किती तक्रारी सोडवल्या हे मोजता येते. प्रॉडक्ट मॅनेजरच्या बाबतीत मोजायचे काय? पाने? मी आराखडे वाचणाऱ्या बाजूला आहे, आणि ज्याने लिहिला त्यालाच तिसऱ्या पानावरची अट ठाऊक नसते असा अनुभव वारंवार येतो. विचारले की उत्तर मिळते, "ते सहाय्यकाने घातले असावे, काढून टाका." हा वेळ कोणाच्या खात्यात मांडायचा?

स्वतःच्या भावनेवर तर मुळीच विसंबू नये. मेटर (METR) या एआयच्या क्षमता तपासणाऱ्या संस्थेने 2025 मध्ये 16 अनुभवी प्रोग्रामरांकडून 246 कामे करून घेतली. एआय वापरल्यामुळे आपण सुमारे 20 टक्के वेगाने काम केले असे त्यांना वाटले. प्रत्यक्षात त्यांना 19 टक्के जास्त वेळ लागला होता.

मांडवीकाठ

सोळा माणसे, तीही वर्षानुवर्षे हाताखालून गेलेल्या स्वतःच्याच कोडवर काम करणारी. त्यावरून प्रॉडक्ट मॅनेजरबद्दल निष्कर्ष काढणे म्हणजे फारच लांबची उडी झाली. माझ्यापुरते सांगायचे तर खरा लाभ लिखाणात झालेलाच नाही. पूर्वी किती मालकांनी दर बदलण्याची सुविधा वापरली हे जाणून घ्यायला विश्लेषकाकडे मागणी नोंदवून तीन दिवस थांबावे लागे. आता क्वेरी, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढणारी आज्ञा, सहाय्यक लिहून देतो, मी ती वाचून चालवतो आणि प्रश्न मनात ताजा असतानाच उत्तर मिळते. तीन दिवसांनी आलेल्या उत्तराला मी दुसरा प्रश्न विचारतच नसे. आता सातवा प्रश्नही विचारतो, आणि बऱ्याचदा खरी गोष्ट सातव्यातच सापडते.

एक पथ्य मात्र कडक पाळतो. परदेशी पाहुण्यांची माहिती मालकांना 24 तासांत कळवावी लागत असल्यामुळे आमच्याकडे पासपोर्टचे तपशील असतात, आणि ते तक्ते सहाय्यकाला कधीही दाखवत नाही. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला, पण कायदा नसता तरी दाखवले नसते.

बार्देशी

पर्वरीकरांनी ऐकून घेण्याचा मुद्दा काढला म्हणून सांगतो. एका मालकाशी झालेल्या बोलण्याचे टिपण मी सहाय्यकाकडून करून घेतले. गृहस्थ कोकणी बोलत होते, मधूनच मराठी आणि हिंदी. आगाऊ रकमेच्या सुविधेबद्दल ते स्पष्ट म्हणाले होते, "म्हाका हें जाय." कोकणीत 'जाय' म्हणजे हवे. सहाय्यकाने ते हिंदीतले 'जाए' धरले, आणि सारांशात आले की ही सुविधा गेलेलीच बरी असे ग्राहकाचे मत आहे. मी स्वतः तिथे बसलो होतो म्हणून चूक पकडली. पुण्याच्या किंवा बंगळुरूच्या कार्यालयातल्या कोणी फक्त सारांश वाचला असता, तर सुविधा रद्द झाली असती, आणि वर ग्राहकांचे ऐकून निर्णय घेतला असे लिहिलेही गेले असते.

अंत्रुजकन्या

बार्देशीदादा, हे उदाहरण माझ्या बाजूचे आहे. ती चूक कोकणी कळणाऱ्या माणसाने पकडली. आतापर्यंत ज्याचे इंग्रजी सफाईदार त्याच्या हाती आराखडे जात. इंग्रजी मसुदा जर यंत्र करणार असेल, तर 'जाय' कळणाऱ्या माणसाची किंमत वाढायला हवी.

पर्वरीकर

वाढायला हवी, हे मान्य. वाढेलच, असे मात्र मूल्यमापनाचा अर्ज पाहून वाटत नाही, कारण त्यात 'जाय' कळण्यासाठी रकाना नाही. चाळणीतून माणसे गळत होती हा आपला मुद्दा मी पूर्वी लक्षात घेतला नव्हता. आमच्याकडेही दोघे-तिघे बैठकीत गप्प बसतात आणि मी त्याला स्वभाव समजत आलो.

बॅकलॉगबद्दलचे मत मी बदललेले नाही. येत्या सोमवारपासून आमच्याकडे नियम करतो आहे की टिकट कोणीही, कशानेही लिहावे, पण कोणत्या मालकाने, कोणत्या शब्दांत मागितले ती ओळ मूळ भाषेत, जशीच्या तशी वर असावी. ती नसेल तर मी वाचणार नाही. अर्जाच्या त्या रकान्यात, यंदा न वाचता परत केलेल्या टिकटांची संख्या लिहीन म्हणतो. वरिष्ठ काय म्हणतात ते इथे कळवतो.