वनस्पती-संग्रहालय पाकळीसारखं हवं की नारळासारखं?

आगरातलो: भाचीचा आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प पाहिला. गोव्यासाठी वनस्पती-संग्रहालय. पानाच्या शिरांसारखा सांगाडा, त्यावर पाकळ्यांसारखे काचेचे षट्कोनी कक्ष. संग्रह वाढला की नवा कक्ष जोडायचा. दिसायला झकास. पण ही इमारत जिवंत फुलांची झाली, कागदावर चिकटवलेल्या वाळक्या नमुन्यांची नव्हे. त्यांचे वैरी दोन, ओल आणि ऊन. इथे जुलैत हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांच्या घरात जाते, आणि बुरशीला ७० सुद्धा पुरतात. झाडाकडूनच शिकायचं तर पाकळीकडून कशाला? झाड पुढच्या पिढीची बेगमी बीमध्ये करतं. नारळ बघा: सोडण, करवंटी, मग खोबरं. तशा चिऱ्याच्या जाड भिंती, आत दुसरी खोली, त्या खोलीत कपाटं. झालं.

चिरेबंदी: पानाला एवढं हसू नका. १८४९ मध्ये जोसेफ पॅक्स्टन या माळ्यानं इंग्लंडात अ‍ॅमेझॉनची महाकाय लिली फुलवली, तिच्या पानावर आपल्या लहान मुलीला उभं केलं. पानाखालच्या शिरांची ताकद त्याच्या डोक्यात बसली. १८५१ चा क्रिस्टल पॅलेस, लंडनमधली काच-लोखंडाची अवाढव्य प्रदर्शन-इमारत, त्याचाच: भाग कारखान्यात तयार, जागेवर नुसती जोडणी. आणि कक्ष सुटे ठेवण्याचं खरं कारण तुम्ही बघतच नाही. आग! १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात बर्लिनच्या हर्बेरियमचा, म्हणजे अशाच वाळक्या नमुन्यांच्या संग्रहाचा, मोठा भाग जळून गेला. २०१८ मध्ये रिओचं राष्ट्रीय संग्रहालय जळालं, पण तिथलं हर्बेरियम वाचलं, कारण ते दुसऱ्या इमारतीत होतं. सगळा ठेवा एका करवंटीत ठेवणं हा शहाणपणा नव्हे.

आगरातलो: क्रिस्टल पॅलेसही १९३६ मध्ये जळालाच की.

कपाटवाली: मी रोज हे नमुने हाताळते, म्हणून दोघांनाही बोलते. आगरातलो, दाखला चुकला. नारळ हे वाळवून साठवता येणारं बी नव्हेच. सुकवलं की मरतं, ठेवून दिलं की काही महिन्यांत कोंब काढतं. भात म्हणा, कुळीथ म्हणा. चिरेबंदी, आगीचा मुद्दा मान्य, पण त्यासाठी काच कशाला? आमच्याकडे जोडत जाण्याची वस्तू म्हणजे घट्ट दाराचं लोखंडी कपाट. आणि धोका बाहेरून आत येतो. नवा गठ्ठा आधी उणे २० अंशांवर आठवडाभर फ्रीजरमध्ये, मगच आत; नाहीतर एक किडका कागद शेजारचे शंभर खातो. प्रकल्पाच्या नकाशात त्या फ्रीजरची खोली आहे का, एवढं भाचीला विचारा. पाकळ्यांचं नंतर बघू.

सत्तरीकर: म्हणजे लोकांनी काही बघायचंच नाही? कपाटाला कुलूप लावून मोकळे व्हा! चवथीला आमच्या घरी गणपतीवर माटोळी बांधतात: लाकडी पट्ट्यांची चौकट, तिला नारळ, सुपारीचं शिपटं, तोरिंग, आंबाडे, कवंडळ, कांगणी अशी फळं. रानातून काय मिळालं त्याप्रमाणे दरवर्षी मांडणी बदलते. पोरं मान वर करून नावं विचारतात, आज्जी सांगते. सुट्या भागांचं, वनस्पतींचं प्रदर्शन आणखी कसं असतं? भाचीच्या इमारतीत पाकळी नको, माटोळी हवी.

कपाटवाली: आवडलं. पण विसर्जनानंतर माटोळीचं काय होतं?

सत्तरीकर: काही खातो, काही वाटतो. बाकीचं कुजतं. म्हणूनच पुढच्या वर्षी परत रानात जावं लागतं, आणि रान ओळखीचं राहतं.

कपाटवाली: ते तुमच्या गावाला. ज्या गावचं रान खाणीत गेलं, तिथे तो वाळका कागदच उरतो.

आगरातलो: नारळ मागे घेतला, कुळीथ चालेल. समोर माटोळीसाठी उघडा मांडव आणि मागे अंधाऱ्या खोल्या, सुट्या सुट्या, असं भाचीला सुचवलं. फ्रीजरची खोली नव्हती, आता नकाशात घालतेय. पण पाकळ्या सोडायला तयार नाही. विचारलं, काचेचे सांधे किती? दोनशेच्या वर, म्हणाली. आमच्या घरी कौलांच्या गळतीखालीच टोप पुरत नाहीत.