घरातील शुश्रूषेचा खर्च आणि शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीचा मोबदला

बी-302 : सर्वांना नमस्कार. माझ्या सासूबाईंना पार्किन्सन्स आहे आणि पावसाळ्यात त्या पडल्यापासून त्यांना एकटीने उठता-बसता येत नाही. दिवसा बारा तासांसाठी रुग्णसेविका पुरवणाऱ्या ब्युरोची बाई येते. रात्र आणि बाईच्या सुट्टीचे दिवस माझ्याकडे असतात, त्यासाठी मी नोकरी सोडली. आयुष्मान कार्ड काढल्यास बाईच्या पगारासाठी काही मदत मिळते का, हे कोणास ठाऊक असल्यास कृपया सांगावे.

ए-101 : ताई, 70 वर्षे पूर्ण झालेल्या सर्वांना, उत्पन्न कितीही असले तरी, ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते आणि ते अवश्य काढावे, परंतु त्यातील वर्षाला 5 लाखांचे संरक्षण रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे, बाईचा पगार त्यात बसत नाही.

तुमच्यासाठी अधिक उपयोगाची गोष्ट वेगळी आहे. पार्किन्सन्सचा समावेश दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 च्या यादीत आहे. सरकारी रुग्णालयातून किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळाले, तर आयकर कायदा 1961 च्या कलम 80डीडीनुसार 75,000 रुपयांची, आणि 80 टक्के किंवा अधिक असेल तर 1,25,000 रुपयांची वजावट मिळते. (2025 च्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत.) त्यासाठी जुनी करप्रणाली निवडावी लागते आणि रुग्ण मुख्यतः तुमच्या घरावर अवलंबून असावा लागतो. ही वजावट तुमचे यजमान घेऊ शकतात. रात्री जागणाऱ्या सुनेला मात्र सासूसाठी ती मिळत नाही, कारण कलमातील नातेवाइकांत पती किंवा पत्नी, मुले, आईवडील आणि भावंडे एवढेच येतात.

सी-504 : याच मुद्द्यावर मला लिहायचे आहे. 2016 च्या त्याच कायद्यात, जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. केरळमध्ये ‘आश्वासकिरणम्’ योजनेखाली अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची काळजी घेणाऱ्यास महिन्याला 600 रुपये देण्याची तरतूद आहे. रक्कम तुटपुंजी आहे, पण ती काळजी घेणाऱ्याच्या कामासाठी आहे, ही बाब मला फार मोलाची वाटते. आपल्याकडची श्रावणबाळ योजना निराधार वृद्धांसाठी आहे, त्यामुळे मध्यमवर्गीय घराने हा हिशेब घरातच मांडणे भाग आहे. ब्युरोकडून रात्रीच्या बाईचा दर विचारून घ्यावा आणि तो आकडा सर्व भावंडांसमोर ठेवावा.

ए-304 : घरच्या सुनेला पैसे देणे मला पटत नाही. सेवेचा व्यवहार झाला की माया उरत नाही.

सी-504 : काका, आपल्या भावनेचा मी आदर करते. परंतु ताईंचा पगार थांबला, त्यांच्या भविष्यनिर्वाह निधीत भर पडणे थांबले, आणि ज्या भावंडांची नोकरी चालू आहे त्यांचे काहीच थांबलेले नाही. हे असेच चालू राहिले तर दहा वर्षांनी ताईंच्या स्वतःच्या म्हातारपणासाठी काय शिल्लक राहील, याचा विचार मायेच्या माणसांनीच करायला हवा.

ए-101 : पैसे कोठून द्यावेत, हेही सांगतो. सासूबाईंच्या नावे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत कमाल मर्यादेएवढे म्हणजे 30 लाख असतील, तर 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला 61,500 रुपये व्याज येते. रक्कम कमी असेल तर त्या प्रमाणात. बाईचा पगार त्यातून भागवावा आणि ताईंचा मोबदला दीर व नणंदेने दरमहा थेट त्यांच्या बँक खात्यात भरावा. पतीच्या भावंडांनी भेट म्हणून दिलेल्या रकमेवर कर लागत नाही. सासूबाईंनी भेट दिली तरी ती करमुक्तच असते, परंतु ती गुंतवून येणारे उत्पन्न सासूबाईंच्या उत्पन्नात मिळवले जाते. ठरलेली रक्कम आणि ताईंच्या सुट्टीचे दिवस कागदावर लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात.

बी-302 : आपणा सर्वांचे आभार. नणंदबाई दिवाळीत येणार आहेत. तोपर्यंत ब्युरोचा रात्रीचा दर लेखी मागवून ठेवते.