एलिझे पॅलेस: पाँपादूरच्या आधी आणि नंतर

पॅरिसचा एलिझे पॅलेस मादाम द पाँपादूरने (फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याची प्रेयसी) बांधला असं कुणी म्हणत असेल, तर ते बरोबर नाही. वाडा काउंट देव्हरोचा, १७२२ मध्ये पुरा झालेला. पाँपादूरबाईंनी तो १७५३ मध्ये विकत घेऊन हौसेने सजवला, एवढंच. राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान तर तो १८४८ मध्ये झाला.

आणखी सांगायचं तर, तिथलं 'चंदेरी दालन' नेपोलियनची बहीण कॅरोलिन म्युरात हिने सजवून घेतलेलं. वॉटर्लूच्या लढाईतल्या पराभवानंतर, २२ जून १८१५ला, नेपोलियनने दुसऱ्यांदा पदत्याग केला तो बहिणीच्या याच दिवाणखान्यात. शिवाय १८९९ मध्ये राष्ट्राध्यक्ष फेलिक्स फोर वारले तेही याच वाड्यात (तेव्हा सोबत कोण होतं, यावर पॅरिसने पुढे भरपूर चवीने चर्चा केली).